खालची श्रेणी

वीस वर्षे मी मुलांच्या वह्या तपासतो आहे. खालची श्रेणी मिळालेल्या मुलाचा चेहरा कसा होतो, ते मला पुरते ठाऊक आहे. चार वर्षांपूर्वी डॉक्टर माझा कागद वाचून म्हणाले, "श्रेणी खालची आहे," तेव्हा माझाही तसाच झाला असावा. कारण ते हसले. "मास्तर, इथे खालची श्रेणी म्हणजेच पहिला नंबर!"

डाव्या मूत्रपिंडावर मधाच्या पोळ्यासारखी, पाण्याच्या कप्प्याकप्प्यांची गाठ होती. तेवढा भाग कापून काढला. उरलेले मूत्रपिंड इमानाने काम करते आहे. या जातीच्या गाठीला पूर्वी सरळ कर्करोगच म्हणत. पण ती पुरती काढली की दुखणे उलटत नाही, इतरत्र पसरत नाही, असे दिसत गेले आणि २०१६ साली जागतिक आरोग्य संघटनेने तिच्या नावातून तो शब्दच गाळला.

आमच्या घरातून मात्र तो जाईना. दिवाळीच्या तोंडावर माझी सोनोग्राफी आणि रक्ततपासणी ठरलेली. रिपोर्ट हाती आल्याशिवाय चकलीची भाजणी भाजायची नाही, हा हिचा अलिखित नियम. एका वर्षी तर चकल्या भाऊबिजेला झाल्या! मुलांनी कुरकुर केली. हिने ओठ मिटून ऐकून घेतली.

गेल्या वर्षी तपासणी करून घरी आलो, तो दारातच खमंग वास.

"अगं, रिपोर्ट उद्या मिळायचे आहेत!"

"मग उद्या आणा," कढईतून नजर न काढता ही म्हणाली, "आणि येताना पावशेर तीळही आणा."