वाफ्यापर्यंतची वाट

शहरातल्या बऱ्याच बागांच्या फाटकाशी लोखंडी खांब रोवलेले असतात, नाहीतर नागमोडी कठडा उभा केलेला असतो. दुचाक्या आणि मोकाट गुरं आत शिरू नयेत हा हेतू, आणि तो बऱ्यापैकी साधतोही. फक्त त्याच फटीतून व्हीलचेअर जात नाही, बाळाची ढकलगाडी जात नाही आणि वॉकर घेऊन आलेले आजोबा बाहेरच थबकतात. आत ठळक अक्षरांत पाटी असते, ‘या, निसर्गाकडून शिका’.

आता असे खांब काढायला लावता येतात, कारण पाठीशी कायदा आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ साली झाला, त्यात अपंगत्वाचे २१ प्रकार मोजले आहेत आणि सार्वजनिक जागा सर्वांना वापरता याव्यात असं बंधन आहे. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात २९ लाख ६३ हजारांहून अधिक दिव्यांग नोंदले गेले होते. त्यामुळे हल्ली नव्या बागेत रॅम्प असतो. एक फूट चढायला बारा फूट लांबी, हे प्रमाण कंत्राटदारांनाही तोंडपाठ झालं आहे. पाळतात किती जण, हा भाग वेगळा. रॅम्प झाला, रुंद दाराचं स्वच्छतागृह झालं की बाग सुगम्य झाल्याची नोंद कागदावर होते.

पण शिकवणाऱ्या बागेचं गणित इथे सुटत नाही, इथून सुरू होतं. शाळेची परसबाग असो, वस्तीतली सामूहिक भाजीबाग असो की एखाद्या संस्थेची गच्ची, तिथे झाडं नुसती बघायची नसतात, लावायची असतात. रॅम्पवरून आलेली मुलगी बाकाशेजारी थांबते आणि बाकीची पोरं खुरपताना बघत राहते. तिच्या हाताला माती लागत नाही. अशा बागेत तिची सोय होते, शिक्षण होत नाही. वाट बाकापर्यंत जाते की वाफ्यापर्यंत, एवढं पाहिलं तरी बाग कोणासाठी केली आहे ते कळतं.

वाटेबद्दल बोलायचं तर गोटे पसरलेली वाट फोटोत फार छान दिसते. व्हीलचेअरचं पुढचं छोटं चाक त्यात रुततं, काठीला काही कळत नाही आणि चपलेत खडा जातो. हिरवळही तशीच दगा देते. शहाबादी फरशी मे महिन्यात चटके देते, श्रावणात शेवाळ धरते. त्यातल्या त्यात बरी म्हणजे पाणी मारून, रोलर फिरवून घट्ट बसवलेल्या मुरमाची वाट. मात्र तिला दर पावसाळ्यानंतर पुन्हा दाबावं लागतं आणि कडेने पाण्याला चर काढावा लागतो. वाटेच्या दोन्ही बाजूंना तीन-चार इंच उंच कड बांधली की पांढरी काठी तिला धरून चालते. वळणापाशी पाच फूट मोकळं वर्तुळ हवं, नाहीतर आत गेलेली व्हीलचेअर उलटी ढकलत बाहेर काढावी लागते.

वाफ्याचा हिशेब जास्त मजेचा आहे. बसल्या जागेवरून हात साधारण दोन फूट पुढे पोचतो. म्हणून भिंतीला टेकलेला वाफा दोन फुटांहून रुंद नको आणि दोन्हीकडून हात घालता येत असेल तर चार फूट पुरे. व्हीलचेअर सरळ टेबलाखाली शिरावी असं वाटत असेल, तर गुडघ्यांना जमिनीपासून सत्तावीस इंच मोकळी जागा द्यावी लागते. वरची कड तर छातीला लागता कामा नये. या ओढाताणीत मातीच्या वाट्याला उरते सहा-सात इंचांची खोली. एवढ्यात मेथी, कोथिंबीर, माठ, पालक, पुदिना सुखाने वाढतात. वांगं वाढत नाही आणि गाजर वाकडं होतं. वांग्या-टोमॅटोसाठी दोन फूट उंचीचा, विटांनी बांधलेला आणि तळ थेट जमिनीला भिडलेला वाफा शेजारी हवा. त्याच्या कडेवर फळी बसवली की गुडघेदुखीच्या बायका तिथे बसूनच निंदणी करतात आणि त्यांचा तासभर सहज जातो.

पुढचा प्रश्न वजनाचा. ओली माती घनफुटाला पंचेचाळीस-पन्नास किलो भरते. चार बाय दोनचा, सहा इंच खोलीचा ट्रे म्हणजे चार घनफूट, म्हणजे जवळजवळ दोनशे किलो. सुताराने हौसेने केलेलं लाकडी टेबल पहिल्या पावसात खाली बसतं ते यामुळे. इथे महाराष्ट्राची जुनी पुंजी कामी येते. श्री. अ. दाभोळकरांनी प्रयोग परिवाराच्या माध्यमातून पालापाचोळा, ऊन आणि पाणी यांचा घरगुती हिशेब लोकांना शिकवला. मुंबईत डॉ. आर. टी. दोशी यांनी उसाच्या चिपाडाच्या आधाराने, मोजकी माती वापरून गच्चीवर भाजी आणि फळं काढून दाखवली. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या केंद्रीय स्वयंपाकघराच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी कर्मचाऱ्यांना सोबत घेऊन याच वाटेने बाग उभी केली आणि स्वयंपाकघरातला ओला कचरा तिथे जिरवला. यातल्या कोणीही हे व्हीलचेअरसाठी केलं नव्हतं. गच्चीवर भार नको म्हणून केलं होतं. पण पाचोळा, चिपाड आणि कंपोस्टचं हे हलकं मिश्रण उंच ट्रेला असं काही चपखल बसतं की वेगळं संशोधन करायची गरज उरत नाही. त्याला पाणी मात्र वरचेवर द्यावं लागतं.

अवजारांना फारसा खर्च नाही. ज्यांची मूठ घट्ट वळत नाही त्यांच्यासाठी खुरप्याच्या दांड्यावर सायकलची जुनी ट्यूब गुंडाळायची, म्हणजे पकड जाड होते आणि हात घसरत नाही. दहा लिटरची भरलेली झारी दहा किलोची होते, ती धडधाकट माणसालाही जड जाते. झाकणाला भोकं पाडलेली एक लिटरची बाटली बरी. हात थरथरत असेल त्याला घेवडा, वाल, भोपळा अशी मोठी बी द्यावी. राजगिऱ्याचं बी द्यायचंच झालं तर ते मूठभर वाळूत मिसळून द्यावं.

पेरणीची दोरी मात्र थांबून पाहण्यासारखी आहे. वाफ्याच्या दोन टोकांना दोन खुंट्या, मध्ये सुतळी ताणलेली, सुतळीला वीतभर अंतरावर गाठी. न दिसणारं मूल डाव्या हाताने गाठ चाचपतं, उजव्या हाताच्या बोटाने गाठीखाली पेरभर खोल भोक करतं, गवारीचं बी सोडतं, अंगठ्याने माती लोटतं आणि पुढची गाठ शोधतं. ओळ इतकी सरळ येते की दिसणाऱ्या मुलांच्या ओळी तिच्याशेजारी दारू प्यायल्यासारख्या वाटतात. मग तीही दोरी मागू लागतात. एकासाठी काढलेली युक्ती सगळ्यांच्या हातात जाते, आणि कोणासाठी वेगळं काही केलं आहे असं कोणालाच वाटत नाही.

झाडं निवडताना नाक, बोटं आणि कान यांचा विचार करावा. पानओव्याचं जाड लुसलुशीत पान, मरवा, दवणा, सब्जा, गवती चहा हे चुरडल्यावर बोलतात. गवती चहाच्या पात्याची कड बोट कापते, तेव्हा पान कसं धरायचं ते आधी शिकवावं. भोपळ्याच्या पानाची लव आणि कोरफडीचा गुळगुळीत गारवा एकामागोमाग हातात द्यावा. खुळखुळा नावाचं रानझाड तर हमखास लावावं. त्याच्या वाळक्या शेंगेतल्या बिया खरोखर वाजतात आणि ऐकायला न येणाऱ्या मुलांनाही ती थरथर बोटांना जाणवते. हाताच्या अंतरावर कण्हेर, रुई, एरंड, धोतरा आणि गुंज मुळीच नकोत. दिसतात देखणी, पण रुईचा चीक डोळ्यात गेला तर डॉक्टर गाठावा लागतो आणि गुंजेच्या लाल-काळ्या बिया विषारी असून मुलांना त्यांचाच मोह पडतो.

सुवासाची म्हणून खास बाग करण्याची कल्पना जुनी आहे. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन बोटॅनिक गार्डनने १९५५ मध्ये दृष्टिहीनांसाठी गंधबाग केली, उंच वाफे आणि ब्रेल पाट्यांसह. दिल्लीत राष्ट्रपती भवनाच्या आवारातही स्पर्शबाग आहे, आणि २०२३ मध्ये तिथलं अमृत उद्यान एक दिवस फक्त दिव्यांगांसाठी खुलं होतं. हे सगळं चांगलंच आहे. तरी त्याच ब्रुकलिनच्या बागेतली मुलांची बाग यापेक्षा पुढची वाटते. ती १९१४ पासून चालू आहे, तिथे मुलं स्वतःच्या वाफ्यात पेरतात आणि आलेली भाजी घरी नेतात. गंधबागेत माणूस पाहुणा असतो, मुलांच्या बागेत मालक. शिकागोच्या बोटॅनिक गार्डनमध्ये १९९९ साली झालेल्या सक्षम बागेत टांगत्या कुंड्या कप्पीवरून खाली ओढून घेता येतात. बसलेल्या माणसाने झाड स्वतः उतरवावं, दुसऱ्याला हाक मारावी लागू नये, एवढाच त्यामागे विचार.

पाट्यांच्या बाबतीत आपल्याकडे हल्ली क्यूआर कोडची लाट आहे. झाडाला काळा-पांढरा चौकोन ठोकला की काम संपलं. ज्या बाईच्या फोनमधला डेटा महिनाअखेरीस संपतो, ज्या आजीला वाचता येत नाही, ज्या मुलाला तो चौकोन कुठे आहे तेच दिसत नाही, त्यांना याचा उपयोग शून्य. ब्रेलची पाटी हवीच, पण ती कमरेच्या उंचीला, तिरकी आणि सावलीत. विदर्भातल्या मे महिन्यात उन्हातल्या पत्र्यावर बोट ठेवून कोणी वाचेल ही अपेक्षा क्रूर आहे.

आणि वाचता न येणं म्हणजे न शिकलेलं असणं नव्हे, हे या राज्याला सांगायला नको. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे शाळेत गेल्या नाहीत. गावठी वाणांचं बियाणं त्यांनी जपलं, इतर बायकांना जपायला शिकवलं, आणि २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. शहरातल्या वस्त्यांमध्येही अशा आजी असतात. गाव सोडून चाळीस वर्षं झालेली असतात, पण वालाची शेंग बियाण्याला कधी काढायची आणि मडक्यात राख किती घालायची हे त्यांना विचारावं. बागेत त्यांना ‘लाभार्थी’ म्हणून वहीत सही करायला लावतात, हा उफराटा प्रकार आहे. मानधन देऊन त्यांना शिकवायला बसवावं.

वेळेचा अडथळा डोळ्यांना दिसत नाही, म्हणून तो बहुधा राहून जातो. सकाळी दहा ते पाच उघडी असणारी बाग धुणीभांडी करणाऱ्या बाईसाठी बंदच असते. तिला रविवारची सकाळ किंवा संध्याकाळचा दिवाबत्तीनंतरचा तास चालतो. जवळ स्वच्छतागृह नसेल तर बायका तासाभराच्या वर थांबत नाहीत, आणि तसं सांगतही नाहीत. पुढच्या वेळी येत नाहीत एवढंच. सावली, पिण्याचं पाणी आणि टेकायला पाठ असलेलं बाकडं यांचं अंदाजपत्रक रोपांच्या आधी करावं.

वाफे बांधायला एप्रिल-मे बरे, म्हणजे पहिल्या पावसात माती बसते आणि पाणी कुठे तुंबतं तेही कळतं. ज्यांना यंदा शाळेची, सोसायटीची किंवा वस्तीची बाग आखायची आहे, त्यांनी आर्किटेक्टकडे जाण्याआधी व्हीलचेअर वापरणारं एक माणूस, पांढरी काठी घेऊन चालणारं एक आणि शेजारची एखादी आजी अशा तिघांना मोकळ्या जागेवर बोलवावं. चहा पाजावा, हातात चुन्याची फक्की द्यावी आणि वाटा त्यांच्याकडूनच आखून घ्याव्यात.