जिनीव्हाची टेकडी

जिनीव्हाला जाऊन आलेल्या माणसाला आपल्याकडे दोन प्रश्न हमखास विचारले जातात. घड्याळ आणलेत का, आणि चॉकलेटे कुठे आहेत? घड्याळ मी आणले नाही. प्राध्यापकाच्या पगारात तेथल्या घड्याळाचा पट्टासुद्धा बसत नाही. चॉकलेटे आणली, ती घरच्या आणि शेजारच्या बालगोपाळांनी दोन दिवसांत फस्त केली. ‘मग तिथं पाहिलंत तरी काय?’ असे विचारणाऱ्या मंडळींसाठी हा लेख.

गाव देखणे आहे यात वाद नाही. सरोवरातून १४० मीटर उंच उसळणारे कारंजे, वारा फिरला की काठावरच्या हौशी मंडळींना होणारे सचैल स्नान, हवा निवळ असेल त्या दिवशी दूरवर दिसणारे माँ ब्लाँचे पांढरे डोके, हे सारे चित्रांच्या कार्डांवर असते तसेच आहे. रस्ता ओलांडायला आपण नुसते उभे राहिलो तरी मोटारी आपण होऊन थांबतात. पुण्याच्या माणसाला त्याचीच धास्ती वाटते! पण अशा या सुरक्षित गावाचा एक व्यवसाय मोठा विलक्षण आहे. जेथून लोक जीव मुठीत धरून पळत असतात, नेमकी तेथे माणसे पाठवायची, आणि तीही हातात काठीसुद्धा न देता. ती माणसे सुखरूप परत कशी यावीत याचा विचार या गावात दीडशे वर्षांहून अधिक काळ चालला आहे. मला पाहायचे होते ते हे.

त्याला कारण घरचेच. माझी भाची पाणीपुरवठ्याची इंजिनिअर. दोन वर्षे ती एका परदेशी मदतसंस्थेतर्फे दक्षिण सुदानमध्ये विहिरी आणि पंप बसवीत होती. गेल्या मे महिन्यात एका अभ्यासवर्गासाठी ती जिनीव्हाला होती आणि पुन्हा तिकडेच जाण्याचा हुकूम तिच्या हाती पडला होता. मी सुट्टीत तिकडे निघालो तेव्हा ताईने मला बाजूला घेतले. “तू शिकवणारा माणूस. तिला दोन शब्द समजावून सांग. पाणी काय, मराठवाड्यातही हवंच आहे!” या युक्तिवादाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. तेव्हा लाडवांच्या डब्याबरोबर ही कामगिरीही घेऊन मी विमानात बसलो.

ज्या टेकडीवर रेडक्रॉसचे मुख्य ठाणे आहे तिथल्या बसथांब्याचे नाव ‘आप्पिया’. मराठी कानाला ते घरचेच वाटते. “हे आप्पा कोण गं?” मी विचारले. भाची हसली. डॉक्टर लुई आप्पिया हे १८६३ साली रेडक्रॉसची समिती स्थापन करणाऱ्या पाच जिनीव्हाकरांपैकी एक. खाली चौकात राष्ट्रसंघासाठी बांधलेला विस्तीर्ण प्रासाद, आणि त्याच्यासमोर १२ मीटर उंचीची एक लाकडी खुर्ची. तिचा एक पाय मोडलेला आहे. भूसुरुंगांनी ज्यांचे पाय नेले त्यांची आठवण राहावी म्हणून ती १९९७ साली प्रथम उभारली. तेथून चढण चढून वर आले की रेडक्रॉसचे संग्रहालय लागते. अंगणात डोक्यापासून पायापर्यंत वस्त्रात गुंडाळलेल्या, चेहरा नसलेल्या मूर्तींचा एक पुंजका उभा आहे. त्या पाहिल्यावर पाठीमागून येणारी शाळकरी मुलेसुद्धा क्षणभर गप्प झाली.

आत पहिल्या महायुद्धातील कैद्यांची कार्डे फळ्यांवर ओळीने लावली आहेत. एका माणसाचा ठावठिकाणा एका आईला कळवावयाचा, म्हणून लिहिलेली लक्षावधी कार्डे! पण माझे मन गुंतले ते दंडावर बांधायच्या एका पट्टीच्या गोष्टीत. पांढऱ्या कापडाची पट्टी आणि तिच्यावर तांबडा क्रॉस.

ती गोष्ट अशी. २४ जून १८५९ रोजी उत्तर इटलीत सोल्फेरिनो येथे फ्रेंच व सार्डिनियन एका बाजूला आणि ऑस्ट्रियन दुसऱ्या बाजूला, अशी घनघोर लढाई झाली. आंरी द्यूनाँ नावाचा जिनीव्हाचा एक तरुण व्यापारी आपल्या धंद्याच्या कामाने तिकडे गेला होता. शेजारच्या कास्तिल्योने गावात हजारो जखमी येऊन पडलेले त्याने पाहिले आणि धंदा राहिला बाजूला. गावातल्या बायाबापड्यांना हाताशी धरून त्याने जखमा धुतल्या, पाणी पाजले. हा आपला, तो शत्रूचा, असा भेद त्या बायांनी केला नाही. त्या अनुभवातून पुढे समिती झाली, परिषद झाली, आणि १८६४ साली प्रशिया-ऑस्ट्रिया आणि डेन्मार्क यांचे युद्ध पेटले तेव्हा आमचे हे डॉक्टर आप्पिया एका बाजूला आणि व्हान दे व्हेल्दे नावाचे एक डच गृहस्थ दुसऱ्या बाजूला रवाना झाले. दोघांच्या दंडावर ती पट्टी होती. रेडक्रॉसचे चिन्ह लावून रणांगणावर गेलेली ही पहिली माणसे.

मी त्या पट्टीचा विचार करीत बराच वेळ उभा राहिलो. चिलखत छातीवर असते आणि गोळी आली तर ते निदान काही अडवते. ही वीतभर चिंधी काय अडवणार? तिचे सारे बळ ती बांधणाऱ्याच्या दंडात नसते. समोर बंदूक धरलेल्या माणसाच्या मनात असते. त्याने ती पाहून बोट आवरले तर ती ढाल, नाहीतर नेम धरायला सोयीची खूण.

हे जिनीव्हाच्या त्या शहाण्या मंडळींनाही कळत असलेच पाहिजे. २२ ऑगस्ट १८६४ रोजी जुन्या गावातील नगरभवनाच्या एका दालनात बारा राज्यांनी पहिल्या करारावर सह्या केल्या. त्यात केवळ डॉक्टरांना अभय नाही. जखमींना मदत करणाऱ्या त्या त्या गावच्या रहिवाशांनाही त्रास देऊ नये, त्यांना मोकळे ठेवावे, असे एक स्वतंत्र कलम आहे. कास्तिल्योनेच्या बायांची आठवण त्यामागे असावी असे मला वाटते.

“करार झाला शंभर-दीडशे वर्षांपूर्वी. तू आज तिथे करतेस काय?” रात्री तिच्या खोलीवर वरणभात जेवताना मी मुद्द्यावर आलो. भाचीने बोटे मोडीत नियम सांगितले. मोटार नेहमी पांढरी आणि काचेवर बंदुकीच्या चित्रावर काट मारलेली चिठ्ठी. हत्यारबंद माणूस, मग तो कितीही मोठा असो, गाडीत घ्यायचा नाही. निघण्यापूर्वी दोन्ही बाजूंच्या लोकांना कोणत्या रस्त्याने, किती वाजता, किती माणसे जाणार हे कळवायचे. लांबच्या वाटेला एकटी गाडी न्यायची नाही. ठरल्या वेळी रेडिओवरून ‘पोहोचलो’ म्हणून सांगायचे. आवाज आला नाही तर ठाण्यावरचा माणूस जागचा हलत नाही. गाडी उभी करताना तोंड बाहेरच्या दिशेला. खिडकीच्या काचांना पातळ चिकट पडदा, म्हणजे स्फोट झाला तर काचा अंगावर उडत नाहीत. अंधारापूर्वी घरी. आणि पट्टा बांधल्याशिवाय गाडी सुरू करायची नाही, कारण बंदुकीइतकाच तिथला रस्ताही जीव घेतो.

“तिथली माती आपल्या विदर्भासारखी काळी आहे, मामा. पाऊस पडला की चाक रुतलंच. मग गावातली माणसं येऊन ढकलतात. आमची खरी सुरक्षितता म्हणजे ती माणसं. एकदा आमच्या ड्रायव्हरनं सकाळी गाडी काढायलाच नकार दिला. बाजारात बायका भाजी मांडायला आल्या नव्हत्या, एवढंच त्यानं पाहिलं होतं. दुपारी त्याच रस्त्यावर गोळीबार झाला.”

या क्षेत्रातील जाणती माणसे सुरक्षिततेचे तीन मार्ग सांगतात. पहिला स्वीकार : ज्यांच्यात आपण काम करतो त्यांना आपण हवेसे वाटावे. दुसरा संरक्षण : भिंती, कुलुपे, वाळूची पोती. तिसरा धाक : हत्यारी पहारा. गाव करी ते राव न करी, ही आपली म्हण पहिल्या मार्गाचे सारे शास्त्र चार शब्दांत सांगते असे मी म्हणालो. भाचीने मान डोलावली, पण लगेच म्हणाली, “उद्या तुला एक जागा दाखवते.”

ती जागा मलाही पाहायची होती, मात्र वेगळ्या कारणाने. ‘राजांचे स्मशान’ असे त्या कबरस्तानाचे नाव असले तरी तेथे कुणी राजे नाहीत. बोर्हेस हा थोर स्पॅनिश भाषक कथाकार १९८६ पासून तेथे विसावला आहे. वाङ्मय शिकवणाऱ्याला एवढे आमंत्रण पुरे. त्याच्या दगडापुढे उभा राहून झाल्यावर भाचीने मला दुसऱ्या एका कबरीपाशी नेले. सर्जिओ व्हिएरा द मेलो. ब्राझीलचे हे गृहस्थ संयुक्त राष्ट्रांचे इराकमधील प्रमुख प्रतिनिधी होते. १९ ऑगस्ट २००३ रोजी बगदादच्या कॅनाल हॉटेलातील त्यांच्या कचेरीखाली स्फोटकांनी भरलेला ट्रक उडवण्यात आला. त्यांच्यासह २२ माणसे गेली. त्या दिवसाची आठवण म्हणून १९ ऑगस्ट हा जगभर मानवसेवा दिन म्हणून पाळतात.

“बगदादच्या लोकांसाठीच ती माणसं आली होती,” भाची म्हणाली. “पण ट्रक आणणाऱ्याला ते मान्य नव्हतं. स्वीकार सगळ्यांचाच लागतो. एकानं नाकारला तरी पुरे.” मग तिने १७ डिसेंबर १९९६ ची हकीकत सांगितली. चेचन्यातील नोव्ये आतागी येथे रेडक्रॉसचे इस्पितळ होते. येईल त्या जखमीवर उपचार होत. पहाटे हत्यारबंद टोळी आत शिरली आणि झोपलेल्या पाच परिचारिका व एक बांधकाम तंत्रज्ञ यांना तिने ठार केले. २००३ च्या मार्चमध्ये अफगाणिस्तानात रेडक्रॉसच्या एका इंजिनिअरला भर रस्त्यात मोटारीतून उतरवून गोळी घातली. तो पाण्याचा इंजिनिअर होता. हे सांगताना तिचा आवाज बदलला नाही. माझा मात्र चेहरा बदलला असावा.

अशा घटनांनंतर भिंती वाढल्या. संयुक्त राष्ट्रांनी २००५ साली सुरक्षिततेसाठी स्वतंत्र खातेच उघडले. ते आवश्यकच होते. पण भिंतीचे एक दुखणे आहे. ती बाहेरच्याला आत येऊ देत नाही, तशी आतल्यालाही बाहेरचे काही दिसू देत नाही. बाजारात भाजी आली की नाही हे काँक्रीटच्या भिंतीआडून कसे कळणार? म्हणून भिंत किती उंच असावी हा प्रश्न या मंडळींना रोज, प्रत्येक गावी, नव्याने सोडवावा लागतो.

आणखी एक गोष्ट तेथे कळली, ती फार जणांना ठाऊक नसते. २०२४ साली जगात ३८३ मदतसेवक मारले गेले, आणि त्यांतले बहुतेक सारे त्या त्या देशातले रहिवासी होते. ड्रायव्हर, दुभाषे, परिचारिका, पहारेकरी. परदेशी पाहुणा विमानाने येतो आणि विमानाने जातो. ड्रायव्हरचे घर त्याच गावात असते. बोलावणे आले तर पाहुण्याला नेणारे विमान त्याच्या बायकोमुलांसाठी थांबत नाही. १८६४ च्या करारातले ते रहिवाशांचे कलम मला पुन्हा आठवले.

आपल्याकडच्या माणसाला हे व्रत नवीन नाही. १९३८ साली पाच भारतीय डॉक्टर युद्धग्रस्त चीनमध्ये गेले. त्यांत नागपूरचे चोळकर होते आणि सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस होते. कोटणीसांनी चिनी भाषा शिकली, तिथलीच पत्नी केली, आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, अवघ्या बत्तीसाव्या वर्षी, ते तिकडेच वारले. त्यांना गोळी लागली नाही. ते आजारात गेले. माणसाला वेळेवर विश्रांती द्या, आजारी पडला तर माघारी आणा, हाही आजच्या सुरक्षिततेच्या नियमांचा भाग आहे.

आता ताईची कामगिरी. चार दिवस मी योग्य शब्द शोधीत होतो. शेवटच्या संध्याकाळी सरोवराकाठी बसून भाचीला मी एवढेच विचारले, “आज गाडी काढायची नाही, असं तिथं कोण ठरवतं?”

“कुणीही. सर्वांत धाकटा पहारेकरीसुद्धा. तो ‘नको’ म्हणाला तर साहेबही निघत नाही.”

“आणि तू ‘नको’ म्हणालीस तर?”

“दोनदा म्हटलंय. कुणी भित्री म्हटलं नाही.”

मी ताईला फोन केला. मुलगी सुखरूप येईलच असे मी तिला सांगितले नाही. तसे वचन जिनीव्हात कोणीच देत नाही. मी म्हणालो, “ताई, तिचं धाडस मी पाहिलं नाही. तिची सावधगिरी पाहिली. जिथं ‘नको’ म्हणायला लाज वाटत नाही, अशा ठिकाणी ती काम करते.” पलीकडे बराच वेळ काही ऐकू आले नाही. मग ताईने विचारले, “त्या ड्रायव्हरला मुलं किती?”

“तीन,” भाची शेजारून म्हणाली.

या दिवाळीत ताईने फराळाचे दोन डबे बांधले आहेत. चकल्या मोडू नयेत म्हणून त्यांच्याभोवती जुन्या साडीचा तुकडा गुंडाळला आहे. एका डब्यावर मुलीचे नाव आहे. दुसऱ्यावर त्या ड्रायव्हरचे, भाचीकडून दोनदा विचारून, स्पष्ट अक्षरांत लिहिलेले.