गाडीची पडवी

माझ्या निवडीवर आमच्या घरात कुणाचा फारसा विश्वास नाही. कादंबरीसाठी मी निवडलेले नाव प्रकाशक बदलतो आणि पडद्यांसाठी मी पसंत केलेल्या कापडाच्या सौभाग्यवती उशा शिवते. म्हणून गेल्या वर्षी पावसाळा सरताना धाकटा भाऊ मला म्हणाला, "दादा, तंबू तू निवड. तू चित्रकलेचा मास्तर, तुला मापं कळतात," तेव्हा घरातल्या सगळ्यांनाच नवल वाटले. त्यात मीही होतो.

तंबू हवा होता तो गाडीला. धाकट्याने एक जुनी, उंच छपराची प्रवासी गाडी घेतली होती आणि कागदपत्रांचे सारे सोपस्कार उरकून तिचे फिरते घर केले होते. आत चार माणसांची निजण्याची सोय, एक शेगडी, एक कपाट आणि हात धुताना कोपर भिंतीला लागेल एवढी मोरी. आम्ही मात्र सात जण. तो, वहिनी, त्यांचा मुलगा, आम्ही दोघे, आमची मुलगी, आणि आई. उरलेल्या तिघांसाठी गाडीच्या कुशीला जोडता येईल असा तंबू पाहिजे होता.

ही गाडी कशातून आली, तेही सांगितले पाहिजे. कोकणातले आमचे घर त्याआधी दोन वर्षे विकले गेले. विकले गेले असे म्हणतो खरा, पण विकायचा हट्ट माझा होता. दर पावसाळ्यात कौले फुटत, पडवीचे वासे वाळवीने खाल्ले होते, आणि दुरुस्तीचा खर्च दोघांनाही झेपत नव्हता. माझा वाटा फ्लॅटच्या कर्जात गेला, धाकट्याचा या गाडीत. आईने सही केली आणि काही बोलली नाही. तेव्हापासून ती सहा महिने माझ्याकडे असते, सहा महिने त्याच्याकडे. तिची बॅग कपाटावर कधी चढत नाही. ती पलंगाखालीच असते.

असो. मी तंबूच्या अभ्यासाला लागलो. इंग्लंड-जर्मनीकडे अशा फिरत्या घरांचा शौक जुना, त्यामुळे त्यांच्या तंबूंचे प्रकारही पुष्कळ. पहिला प्रकार म्हणजे छपराच्या कडेला बसवलेली गुंडाळी. दांडा फिरवला की कापड बाहेर येते, दोन पाय टेकवले की सावली तयार. हवे तर तिला बाजूंनी कनाती लावाव्यात. दुसरा प्रकार स्वतःच्या पायांवर उभा राहणाऱ्या तंबूचा. तो एका कापडी बोळाने गाडीला जोडायचा. बोळ सोडला की गाडी खुशाल निघून जाते आणि तंबू जागच्या जागी राहतो. यातही काहींना कांबी असतात, तर काहींना पंपाने हवा भरायच्या नळ्या.

मग मापे. गाडीच्या छपराच्या कडेला पन्हळीसारखी पट्टी बसवतात आणि तंबूच्या काठाची दोरी तिच्यात सरकवतात. ही दोरी कुठे ४ मिलिमीटर जाडीची, कुठे ६. जाडी चुकली तर दोरी एक तर आत शिरत नाही, नाहीतर आत राहत नाही. जमिनीपासून या पट्टीपर्यंतची उंचीही मोजावी लागते; ठेंगण्या गाडीचा तंबू उंच गाडीला लावला तर बोळ तोकडा पडतो. शिवाय दार कोणत्या बाजूला, हेही पाहावे लागते. जर्मनीत वाहने रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात, म्हणून तिथल्या अशा गाड्यांचे दार बहुधा उजवीकडे असते. आपले, इंग्रजांप्रमाणेच, डावीकडे.

कापडाच्या चिठ्ठीवर ३००० मिलिमीटर असा आकडा पाहून मला आधी ती लांबीच वाटली. पण कापडावर पाण्याचा उभा स्तंभ किती उंच होईपर्यंत ते पाझरत नाही, त्याचा तो आकडा असतो. ३००० म्हणजे ३ मीटर उंचीचे पाणी. मात्र हा गुण कापडाचा, शिवणीचा नव्हे. सुईने पाडलेल्या भोकांवर आतून पट्टी चिकटवलेली नसेल, तर त्या ३ मीटरांना काही अर्थ नाही. सुती कॅनव्हास श्वास घेतो, पण जड असतो आणि ओला गुंडाळला तर बुरशी धरतो. पॉलिएस्टर हलके आणि लवकर वाळणारे, पण थंडीच्या पहाटे आपल्याच श्वासाचे पाणी त्याच्या आतल्या अंगाला साचते. म्हणून वर झरोके हवेतच.

एवढे ज्ञान झाल्यावर आम्हा भावांचे भांडण होणे क्रमप्राप्तच होते. धाकट्याला गुंडाळी हवी होती. "पाच मिनिटांत काम, दादा!" मला हवेच्या नळ्यांचा तंबू मोहात पाडत होता. जमिनीवर कागद पसरून मी आकृत्या काढत होतो आणि तो त्या खोडत होता. आई खाटेवर बसून वाती वळत होती. ती तीनदा पायी वारीला गेलेली आहे. तंबूंत तिच्याइतके दिवस आम्हां दोघांपैकी कुणीच काढलेले नाहीत, हे आमच्या ध्यानातही आले नव्हते.

"आमच्या दिंडीचा ट्रक सामान घेऊन पुढं जायचा," ती वातींवरची नजर न काढता म्हणाली. "आम्ही मुक्कामाला पोचायच्या आत पालं उभी असायची. मग ट्रक पाण्याला जावो नाहीतर आणखी कुठं. पाल हलत नसे. तुमची गाडी सकाळी दूध आणायला गेली, की मी कुठं बसायचं? बॅग घेऊन रस्त्यावर?"

धाकटा आकृतीकडे पाहत राहिला. मी त्याच्याकडे पाहायचे टाळले.

तंबू दुसऱ्या प्रकारचाच आला. कांबीचा, कारण कांब मोडली तर बांबूची कामटी बांधून रात्र काढता येते. आईची एक अट होती, शेगडी आत पेटवायची नाही. बंद तंबूत विषारी वायू साचतो हे मी पुस्तकात वाचले होते. तिला ते वाचावे लागले नव्हते.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही दापोलीकडे एका नातेवाइकांच्या वाडीत उतरलो. जमीन जांभ्याची. पहिली मेख वाकली, दुसरी वाकली, तिसरीने हातोडीचा दांडा मोडला. शेवटी गडग्यासाठी आणून ठेवलेले चिरे मालकांनी देऊ केले. तणावे त्या चिऱ्यांना बांधले आणि तंबू ताठ उभा राहिला. आमच्या जुन्या घराच्या भिंती अशाच चिऱ्यांच्या होत्या. कुणी बोलले नाही, पण धाकट्याने एका चिऱ्यावरून उगाच हात फिरवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सहा जण हर्णै बंदरावर मासळी पाहायला निघालो. आईने येणार नाही म्हणून सांगितले. बोळ सोडला, गाडी सुरू केली, तोच ती काठी टेकत बाहेर आली. "थांबा रे," म्हणत तिने चार दगड गोळा करवले आणि चारही चाकांशी एकेक ठेववला.

परतायला ऊन चढले. तंबूच्या दारात आई पाय पसरून बसली होती. भोवती वाडीतल्या तीन बायका, मध्ये सुपात निवडायचे तांदूळ, आणि गप्पा अशा रंगलेल्या, की आमच्याकडे कुणी लक्ष दिले नाही. आमच्या पडवीत रोज दुपारी असेच चाले. आतल्या कांबीला तिची नऊवारी वाळत होती. बॅग उघडी होती, रिकामी.

गाडी पुन्हा बोळासमोर नेमकी उभी करणे हे मोठे जिकिरीचे काम. वीतभर चुकले तरी बोळ ताणतो किंवा लोंबतो. धाकटा दोनदा चुकला. तेव्हा आई बसल्या जागेवरूनच म्हणाली, "दगड बघ, दगड. ये अजून मागं. ये... बास."

बोळ जागच्या जागी बसला. मी आत जाऊन तिची बॅग बंद केली आणि गाडीतल्या कपाटावर, अगदी वर, ठेवून दिली.