न पाहिलेला आदेश

२४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने श्रेया सिंघल खटल्याचा निकाल दिला तेव्हा मी एका मराठी दैनिकाच्या डेस्कवर होतो. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६ अ रद्द झालं होतं आणि आमच्या दृष्टीने ती घरची बातमी होती. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद राहिली. त्यावर फेसबुकवर चार शब्द लिहिणाऱ्या पालघरच्या एका तरुणीला आणि ते ‘लाइक’ करणाऱ्या तिच्या मैत्रिणीला पोलिसांनी अटक केली होती. त्या अटकेनंतरच हा खटला उभा राहिला. आम्ही पहिल्या पानावर मोठा मथळा लावला. बातमीच्या शेवटी एक छोटा परिच्छेद होता: याच निकालात न्यायालयाने कलम ६९ अ मात्र वैध ठरवलं आहे. जागा कमी पडत होती. तो परिच्छेद मी कापला.

डेस्कवर रोजच कापाकापी करावी लागते, त्याचं मला काही वाटत नाही. पण काय कापतोय हे मी धड वाचलंही नव्हतं. ६९ अ म्हणजे काय, ते कुणाला लागू होतं, न्यायालयाने ते का टिकवलं, यातलं काहीही मी त्या रात्री किंवा पुढे कधी पाहिलं नाही. पाच वर्षांनी तेच कलम देशातल्या कोट्यवधी मोबाइलवर येऊन धडकलं, तेव्हा मी कोराच होतो.

१५ जून २०२० च्या रात्री गलवान खोऱ्यात आपले २० जवान धारातीर्थी पडले. २९ जूनला रात्री माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाचं पत्रक आलं. टिकटॉक, शेअरइट, यूसी ब्राउझर, हेलो, वीचॅट, कॅमस्कॅनर अशी ५९ ॲप्स बंद. कारण असं की, देशाचं सार्वभौमत्व आणि अखंडता, संरक्षण, राज्याची सुरक्षा आणि सार्वजनिक सुव्यवस्था यांना त्यांच्यापासून धोका आहे. आम्ही ५९ नावांची चौकट केली आणि मथळा दिला, ‘चिनी ॲप्सवर कायद्याने बंदी’. अग्रलेख माझ्याकडे होता. त्यात मी एक वाक्य लिहिलं, ते आज टाइप करतानाही हात थांबतो: अशा वेळी प्रक्रियेचा कीस काढत बसणाऱ्यांनी एकदा सीमेवर जाऊन यावं.

सकाळी एका निवृत्त शिक्षकांचा फोन आला. आमचे जुने वाचक. ते म्हणाले, “साहेब, संसद तर बंद आहे. मग हा कायदा केला कुणी?”

प्रश्न बिनतोड होता. अर्थसंकल्पी अधिवेशन २३ मार्चला गुंडाळलं गेलं होतं आणि पुढचं अधिवेशन थेट १४ सप्टेंबरला सुरू झालं. नवा कायदा झालाच नव्हता. जुन्या कायद्याच्या ६९ अ या कलमाखाली काढलेला तो कार्यकारी आदेश होता आणि त्या कलमाचा क्रमांक आमच्याच बातमीत दुसऱ्या परिच्छेदात छापलेला होता. मी त्यांना म्हणालो, “सर, देशाच्या सुरक्षेचा प्रश्न आहे. सरकारने कायद्यात बसवूनच केलं असेल.” ते म्हणाले, “असेलही. पण तो आदेश तुम्ही वाचलात का?” मी दुसरा फोन आल्याचं सांगून बोलणं संपवलं. दुसरा फोन आलेला नव्हता.

आदेश मी वाचला नव्हता, कारण तो प्रसिद्धच झालेला नव्हता. आमच्या हाती होतं ते पत्रक. आपत्कालीन परिस्थितीत आधी रोखायचं आणि ४८ तासांच्या आत समितीपुढे ठेवायचं, अशी तरतूद याच कलमाखालच्या २००९ च्या नियमांत आहे. त्याच नियमांमध्ये सोळावा नियम आहे आणि तो म्हणतो की या सगळ्या तक्रारी आणि कारवाया गोपनीय ठेवायच्या. आता २०१५ च्या निकालाकडे वळतो. न्यायालयाने ६९ अ टिकवलं, त्यात एक महत्त्वाचा आधार असा होता की, ॲप किंवा मजकूर रोखण्याची कारणं लेखी नोंदवावी लागतात आणि त्यामुळे त्या आदेशाला उच्च न्यायालयात आव्हान देता येतं. पण ज्याच्या हाती ती कारणंच पडत नाहीत, त्याने आव्हान कशाला द्यायचं? टिकटॉकने कोर्टात जाण्याचा विचार नसल्याचं जाहीर केलं. समितीपुढे बाजू मांडण्याची संधी कंपन्यांना मिळाली आणि जानेवारी २०२१ मध्ये बंदी कायम झाली. भारतातल्या सुमारे २० कोटी वापरकर्त्यांना या सगळ्यात कुठेही जागा नव्हती. यातलं जे तेव्हा कळण्यासारखं होतं, ते आमच्या वाचकांना ३० जूनच्या अंकात कळायला हवं होतं. ते सांगण्याऐवजी मी प्रश्न विचारणाऱ्यांना सीमेवर पाठवत होतो.

धोका खोटा होता असं माझं म्हणणं नाही. चीनच्या २०१७ च्या राष्ट्रीय गुप्तवार्ता कायद्याचं सातवं कलम तिथल्या संस्थांना आणि नागरिकांना गुप्तचर कामात सहकार्य करायला बांधून घेतं. डिसेंबर २०२२ मध्ये तर टिकटॉकच्या मालक कंपनीने, बाइटडान्सने, स्वतःच मान्य केलं की त्यांच्या काही कर्मचाऱ्यांनी पत्रकारांची माहिती चोरून पाहिली होती. बातमी कुणी फोडली हे त्यांना शोधायचं होतं. पत्रकार म्हणून ते वाचताना माझ्या अंगावर काटा आला. बंदी योग्य असू शकते. पण ती योग्य आहे हे मी पुरावा पाहून ठरवलं नव्हतं. वीस शवपेट्यांची छायाचित्रं पाहून ठरवलं होतं आणि वाचकांना मात्र पुरावा पाहिल्यासारखं सांगितलं होतं.

हे झालं छापलेल्या चुकांचं. एक चूक छापली गेली नाही, तिची झळ मात्र दुसऱ्याला बसली.

वाई तालुक्यातल्या एका ताई शिवणकाम करायच्या. लॉकडाऊनच्या आधी त्यांच्यावर मी पुरवणीत लेख लिहिला होता. शिवलेली नऊवारी ही त्यांची खासियत. मोबाइल शिलाई मशीनच्या कडेला कपड्याच्या चिमट्यांनी अडकवायचा आणि काष्ट्याची पट्टी कशी बेतायची, कमरेला नाडी कुठून ओवायची, निऱ्या कुठे पक्क्या करायच्या हे पंधरा-पंधरा सेकंदांत दाखवायचं. बोलणं कमी, हात जास्त. सोलापूर, नाशिक, पार बेळगावपर्यंतच्या बायका ते पाहून माप पाठवायच्या. गिऱ्हाईक तिथेच भेटायचं, तिथेच निरोप ठेवायचं. त्यांच्याकडे वेगळी वही नव्हती.

२९ जूनला रात्री उशिरा त्यांचा फोन आला. “दादा, आमचं टिकटॉक जाणार म्हणतात. व्हिडिओ काढून ठेवू का? मोबाइलमध्ये जागा नाही, भावाचा मोबाइल मागवावा लागेल.”

मी त्यांना सांगितलं, “घाबरू नका ताई. मागच्या वर्षीही असंच झालं होतं. आठ-पंधरा दिवसांत परत येईल.”

माझं हे सांगणं अर्धवट माहितीवर होतं. एप्रिल २०१९ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठाच्या अंतरिम आदेशानंतर टिकटॉक ॲप स्टोअरमधून काढलं गेलं होतं आणि २४ एप्रिलला न्यायालयाने बंदी उठवल्यावर ते परत आलं. पण तेव्हा फक्त नव्याने डाउनलोड करणं थांबलं होतं. ज्यांच्या मोबाइलमध्ये ॲप आधीच होतं, त्यांचं सगळं चालू राहिलं. २०२० चा आदेश वेगळा होता. तो न्यायालयाचा नव्हता, त्यामागे गलवान होतं, आणि त्यात ॲपकडे जाणारी वाटच बंद होणार होती. हा फरक मला त्या रात्री कळायला हवा होता. पत्रक माझ्यासमोर टेबलावर पडलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी ॲप आधी स्टोअरमधून गेलं आणि संध्याकाळपर्यंत उघडायचंही थांबलं. मूळ चित्रफिती ताईंनी जागेअभावी मोबाइलमधून केव्हाच पुसून टाकल्या होत्या. सगळं काम त्या ॲपवरच होतं. ती एक रात्र त्यांच्याकडे होती आणि ती मी घालवली. भावाच्या मोबाइलवर एकेक व्हिडिओ उतरवायला त्या जाग्या राहिल्या असत्या, त्यांची तयारी होती. त्यांनी विचारलं ते मी वर्तमानपत्रात आहे म्हणून, मला आतलं काही माहीत असेल म्हणून.

८ जुलैला इन्स्टाग्रामने भारतात रील्स आणले. शहरातल्या पोरांनी पटापट घरं बदलली. ताईंनी पुन्हा सुरुवात केली, पण माप पाठवणाऱ्या त्या बायका त्यांना पुन्हा सापडल्या नाहीत. आता त्या गावातल्या आणि वाईच्या गिऱ्हाइकांवर चालवतात. मी माफी मागितली तेव्हा त्या म्हणाल्या, “दादा, तुम्ही काय मुद्दाम केलं होतं का?” त्यांनी विषय तिथेच संपवला. मला तो संपवता येत नाही.

त्या आठवड्यात मी आणखी एक लेख लिहिला: आपली माहिती चीनला जाणं आता थांबलं. यात अर्धंच खरं होतं. नवी माहिती जाणं थांबलं. आधी गेलेली कुठे आहे, कोण पाहतंय, पुसली का, हे विचारायचा हक्क सामान्य माणसाला कोणत्या कायद्याखाली होता? विदा संरक्षणाचं विधेयक तेव्हा संयुक्त संसदीय समितीकडे पडून होतं. ते ऑगस्ट २०२२ मध्ये मागे घेतलं गेलं आणि ऑगस्ट २०२३ मध्ये नवा कायदा संमत झाला. त्याआधी, मार्च २०२३ मध्ये, ‘फोर्ब्स’ने बातमी दिली की भारतीयांची जुनी माहिती कंपनीच्या कर्मचाऱ्यांना अजूनही पाहता येते. माझा लेख वाचून निर्धास्त झालेल्या वाचकांना हे कळलं असेल का, कुणास ठाऊक. आम्ही त्याची बातमी आतल्या पानावर एका कॉलमात दिली, माझ्या जुन्या लेखाचा उल्लेख न करता.

एवढं झाल्यावर मी शहाणा व्हायला हवा होतो. झालो नाही. मी दुसऱ्या टोकाला गेलो.

अमेरिकेने टिकटॉकबंदीचं काम उघडपणे केलं, याचं मला फार कौतुक वाटू लागलं. २०२० मध्ये ट्रम्प यांनी काढलेला बंदीचा आदेश तिथल्या न्यायालयांनी अडवला होता. मग काँग्रेसने रीतसर कायदा केला; मार्च २०२४ मध्ये प्रतिनिधिगृहात ३५२ विरुद्ध ६५ मतं पडली आणि २४ एप्रिलला बायडेन यांनी सही केली. चीन, रशिया, इराण, उत्तर कोरिया यांच्या ताब्यातल्या ॲपच्या मालकाने ठरलेल्या मुदतीत ॲप विकावं, नाहीतर ॲप स्टोअर आणि सर्व्हर पुरवणाऱ्यांना दर वापरकर्त्यामागे ५,००० डॉलरपर्यंत दंड. मुदत १९ जानेवारी २०२५. त्याच्या आदल्या रविवारी मी पुरवणीत ठामपणे लिहिलं की अभिव्यक्तिस्वातंत्र्याची अशी घटनादुरुस्ती असलेल्या देशात हा कायदा टिकणार नाही. शुक्रवारी, १७ जानेवारीला, तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो एकमताने टिकवला. खालच्या न्यायालयानेही डिसेंबरमध्ये तो टिकवला होता आणि त्या निकालात सरकारची बाजू सविस्तर मांडलेली होती. मी तो वाचला नव्हता. २०१५ सारखंच, मथळ्यांवर काम भागवलं होतं.

या वेळी मात्र मी निकाल मागवून बसून वाचला. त्यात न्यायमूर्ती गॉर्सच यांचं स्वतंत्र टिपण आहे. सरकारने न्यायालयापुढे गोपनीय पुरावा ठेवू पाहिला होता, जो कंपनीला आणि तिच्या वकिलांना दाखवला जाणार नव्हता. न्यायालयाने तो विचारात घेतला नाही, याचं गॉर्सच यांनी स्वागत केलं आहे. निकाल सरकारच्या बाजूने लागला, पण उघड कागदांच्या आधारावर लागला. मला आमच्या त्या शिक्षकांचा प्रश्न अख्खाच्या अख्खा समजला तो हे वाचताना.

अमेरिकेचं कौतुकही मला पुरतं करता आलं नाही. एकमताने टिकलेला कायदा २० जानेवारीलाच अध्यक्षांच्या आदेशाने पुढे ढकलला गेला, मग पुन्हा, मग पुन्हा. वर्षभर कायदा पुस्तकात राहिला आणि टिकटॉक मोबाइलमध्ये. जानेवारी २०२६ मध्ये तिथला कारभार नव्या संयुक्त कंपनीकडे गेला आणि बाइटडान्सचा वाटा २० टक्क्यांच्या खाली आला. संसदेने केलेला, सगळ्यांना वाचता येणारा कायदाही राज्यकर्त्याच्या मर्जीवर टांगता राहू शकतो, हे मला माझ्या त्या रविवारच्या लेखाइतकंच अनपेक्षित होतं.

ऑगस्ट २०२५ मध्ये भारतात काही जणांना टिकटॉकची वेबसाइट उघडलेली दिसली. आमच्या तरुण उपसंपादिकेने तासाभरात बातमी लिहून आणली, ‘टिकटॉक परतलं’. मी तिला थांबवलं. “बंदी उठवल्याचा आदेश दाखव, मग लावू.” थोड्या वेळाने सरकारनेच खुलासा केला की असा कोणताही आदेश काढलेला नाही. ती माझ्या टेबलापाशी आली आणि तिने विचारलं, “सर, मग बंदी घातल्याचा मूळ आदेश आपल्याकडे आहे का? त्याचा संदर्भ देते.”

नाही, म्हणालो. पाच वर्षांत मी तो माहितीच्या अधिकारातसुद्धा मागितला नव्हता. खुलाशाची बातमी आम्ही लावली आणि तिने त्यात स्वतःहून एक ओळ घातली: २०२० च्या मूळ आदेशाची प्रत सरकारने प्रसिद्ध केलेली नाही. त्या दिवशीही पानावर जागा कमी होती. ती ओळ ठेवून मी खालची जाहिरात एक इंच खाली सरकवायला सांगितली.