लाल पेन्सिलीच्या खुणा

आमच्या लीळाचरित्राच्या प्रतीत पानोपानी लाल पेन्सिलीच्या खुणा आहेत. तृतीयेची रूपे, जुनी क्रियापदे, आता बोलीतूनही गेलेले शब्द. वीसेक वर्षे शिकवताना आम्ही हे अधोरेखित करीत आलो. एकदा एम. ए.च्या वर्गात ती प्रत बाकावर उपडी ठेवून आम्ही फळ्याकडे वळलो, तेव्हा एका विद्यार्थिनीने उठून ती दोन्ही हातांनी उचलली, मिटली आणि टेबलावर ठेवली. मुलगी महानुभाव घरातली. ती काही बोलली नाही. पण त्या दिवशी आमचे व्याख्यान जमले नाही.

पंथाचे तत्त्वज्ञान आम्ही परीक्षेपुरते नीट सांगत असू. जीव, देवता, प्रपंच, परमेश्वर हे चार पदार्थ नित्य आणि परस्परांहून भिन्न. देवता आपापल्या अधिकारातले फळ देतात, मोक्ष परमेश्वराकडूनच. श्रीकृष्ण, दत्तात्रेय, चक्रपाणी, गोविंदप्रभू, चक्रधर हे पाच अवतार. संन्यस्तांस अटन, भिक्षा, अहिंसा, स्मरण. 'स्मरण' आम्ही यादीच्या शेवटी टाकीत होतो, आणि तिथेच चुकत होतो.

चक्रधरस्वामी उत्तरापंथे गेले, सन्निधान सरले. मागे उरलेल्यांना करण्यासारखे काय होते? नाम, मूर्ती, लीळा, चेष्टा आठवत राहणे. म्हाइंभटाने तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात, ज्यांनी पाहिले-ऐकले त्यांना गाठून लीळा मिळवल्या, त्या या गरजेपोटी. एकच प्रसंग दोघांनी निराळा सांगितला तर दोन्ही सांगणी राखली गेली. आम्ही त्यांना पाठभेद म्हणतो आणि मूळ कोणता याचा निवाडा करू पाहतो. स्मरणाच्या बाजूने पाहावे तर यातले टाकायचे कोणते? नागदेवाचार्यांचा मराठीचा आग्रहही आम्ही भाषाभिमान म्हणून शिकवला. त्यांना काळजी होती ती पंथातल्या म्हाताऱ्या बायांची. संस्कृतात लिहिले तर त्या वंचित होतील, ही.

पुढच्या हिवाळ्यात वर्ग घेऊन आम्ही अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला गेलो. मूर्ती शोधणाऱ्या मुलांना दिसले ते ओटे: गोविंदप्रभू जिथे बसले, निजले, खेळले त्या जागा. ती मुलगी पुढे चालत होती. प्रत्येक ओट्याशी दंडवत घाली आणि तिथे काय घडले ते पुस्तकाविना सांगे. एका ठिकाणची लीळा गोविंदप्रभुचरित्रातली, आम्ही दरवर्षी शिकवतो ती. तिच्यातले क्रियापद आम्हांला लगेच आठवले. घडले काय होते, ते मात्र तिने सांगितल्यावर आठवले. (हे सहकाऱ्यांस अद्याप सांगितलेले नाही.)

परतीच्या गाडीत आम्ही तिला विचारले, "पुस्तकात खुणा केलेल्या तुला आवडल्या नाहीत का?"

"तसं नाही, सर. आमची आजीही खुणा करते. पण ती जिथे थांबून डोळे मिटायचे, तिथे करते."

2024 पासून रिद्धपुरात मराठी भाषा विद्यापीठ सुरू झाले आहे. तिथला अभ्यासक्रम कोणत्या खुणा करील, याचे कुतूहल आम्हांला आहे. आमच्या महाविद्यालयात यंदा अंतर्गत परीक्षेला आम्ही एक प्रश्न घातला: कोणतीही एक लीळा आठवून लिहा. एका सहकाऱ्याने विचारले, याला गुण द्यायचे ते कशाचे? उत्तरपत्रिका आल्या आहेत. गठ्ठा अजून सोडलेला नाही.