आधी जागा, मग टीबी

मुरुडच्या बाजारपेठेत फोटो स्टुडिओवाला असो, करसल्लागार असो की आडत्याचा मुनीम, नॅस, म्हणजे नेटवर्कवर फाइली साठवायची पेटी, घ्यायची म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला: "दादा, किती टीबीची घ्यावी?" मी उलट विचारतो, "ठेवणार कुठं?"

लातूर जिल्ह्यात मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, आणि या छोट्या पेट्यांच्या माहितीपत्रकात चालवण्याचं तापमान बहुधा ० ते ४० अंश लिहिलेलं असतं. म्हणजे पत्र्याच्या माळ्यावर भर दुपारी पेटी कंपनीच्या हद्दीबाहेर गेलेली! त्यापेक्षा जिन्याखाली, भिंतीपासून चार बोटं सोडून, वारं लागेल तिथं ठेवावी.

मग लाइट. लिहिणं चालू असताना ती गेली तर एखादी फाइलच काय, आख्खा साठा बिघडू शकतो. यूएसबी वायरीनं नॅसला जोडता येणारा यूपीएस घ्यावा. बॅटरी उतरायला आली की पेटी आवरून स्वतःच बंद होते. पंख्यांच्या इन्व्हर्टरला हे जमत नाही.

टीबीचा हिशेब सोपा. ४ टीबीच्या दोन डिस्क रेड-१ मध्ये घातल्या की दोन्हींवर तेच लिहिलं जातं, जागा ४ चीच. डिस्क मात्र सीएमआर, म्हणजे पट्टे एकमेकांवर न चढवणारी, आहे का ते बघूनच घ्यावी. २०२० साली वेस्टर्न डिजिटलच्या, नॅससाठी म्हणून विकल्या गेलेल्या ‘रेड’ (Red) नावाच्या काही डिस्क एसएमआर निघाल्या आणि बोभाटा झाला. पुढं कंपनीनं सीएमआर डिस्कना रेड प्लस हे नाव दिलं. एसएमआरमध्ये पट्टे कौलांसारखे एकमेकांवर चढवलेले असतात, एक बदलायचा तर शेजारचेही पुन्हा लिहावे लागतात. एरवी ते जाणवत नाही. एक डिस्क मेली आणि नवी भरायला घेतली की कळतं.

नेटवर्कच्या स्विचकडे कुणी बघतच नाही. जुन्या शंभर एमबीपीएसच्या स्विचवर लग्नाचं २०० जीबी फुटेज चढायला पाचेक तास. गिगाबिटवर अर्धा-पाऊण तास.

आणि रेड-१ म्हणजे बॅकअप नव्हे. चुकून पुसलेला फोटो दोन्ही डिस्कवरून एकदमच जातो. जून २०२१ मध्ये इंटरनेटला जोडलेल्या कितीतरी माय बुक लाइव्ह पेट्या दुरूनच कुणीतरी रिकाम्या केल्या. म्हणून राउटरवर बाहेरून आत यायची वाट मी उघडत नाही, गिऱ्हाईक कितीही म्हणो. एक प्रत दुसऱ्या गावात ठेवा, हे सांगताना इथल्या जुन्या माणसांपुढं फार बोलावं लागत नाही. किल्लारी याच जिल्ह्यातलं. ३० सप्टेंबर १९९३ ची भूकंपाची पहाट त्यांनी पाहिली आहे.

परवा एका स्टुडिओवाल्याला चार खणांची पेटी हवी होती. मी दोन खणांची लिहून दिली. वाचलेल्या पैशांत यूपीएस आणि एक बाहेरची डिस्क, जी महिन्यातून एकदा ताजी करून लातूरला मेहुण्याकडं ठेवायची. हिशेब त्याला पटला. पण चार खणांची काउंटरवर शोभली असती, असं तो अजून म्हणतोच.