आकाशातला बंद रस्ता

मुलांच्या शाळेचा ॲटलास पुढ्यात घ्या आणि दिल्लीपासून इस्तंबूलपर्यंत बोट न्या. पाकिस्तान, इराण ओलांडून बोट सरळ तुर्कस्तानात जाते. 27 फेब्रुवारी 2019 रोजी पाकिस्तानने आपले आकाश बंद केले आणि ही वाट पहिल्याच टप्प्यावर अडली. 1944 च्या शिकागो करारानुसार ज्याची जमीन, त्याचेच वरचे आकाश.

पुष्कळांना वाटते, आकाश केवढे मोठे, घातला वळसा की झाले! पण विमानाची वाट तुकड्या-तुकड्यांची असते. एका ठरलेल्या बिंदूपासून दुसऱ्या बिंदूपर्यंत एक तुकडा. मधला तुकडा बंद झाला, तर वाट थेट दुसऱ्या खुल्या बिंदूकडे वळवावी लागते. आणि तिथला तुकडा त्या वेळी, त्या उंचीवर, त्या दिशेला चालू आहे का, हेही पाहावे लागते. पुलावर पाणी आले की एस.टी.चा ड्रायव्हर गाडी आडवाटेने काढतो. इथे ते काम विमान सुटण्याआधीच कचेरीत कागदावर होते.

आम्ही पडलो बी.कॉम. कारकून, आमचा डोळा इंधनाच्या हिशेबावर. वळसा तासाभराचा, म्हणून तासाभराचेच इंधन जास्त घेऊन भागत नाही. ते वाढीव इंधन वाहायलाही इंधन जळते! शिवाय ऐनवेळी दुसऱ्या विमानतळावर जाण्यापुरते वेगळे, आणि त्यावर अर्ध्या तासाचे राखीव. वजन मर्यादेबाहेर गेले की माणसे-सामान कमी करा, नाहीतर वाटेत उतरा. म्हणून इंडिगोचे इस्तंबूलचे विमान अरबी समुद्रावरून जाऊन दोह्याला इंधन घेई. एअर इंडियाची अमेरिकेची काही विमाने व्हिएन्नाला थांबत. 2 जुलै 2019 पर्यंत एकट्या एअर इंडियाला 491 कोटी रुपयांचा फटका बसला, असे सरकारने राज्यसभेत सांगितले. 16 जुलैला आकाश उघडले.

24 एप्रिल 2025 रोजी पाकिस्तानने भारतीय विमानांना पुन्हा बंदी घातली. या वेळची गंमत पाहा. दिल्लीहून लांबचे लंडन चालू राहिले, पण जवळचे ताश्कंद इंडिगोला बंद करावे लागले. वळशाने ते तिच्या लहान विमानांच्या पल्ल्याबाहेर गेले.

आपली मुंबईची पोरे दुबईला जातात ती मुळातच समुद्रावरून, त्यांना याची झळ फारशी लागली नाही. अमृतसरहून भारतीय विमानाने दुबईला निघालेल्या मजुराला मात्र आधी दक्षिणेला गुजरातकडे उतरावे लागले.